रीत वेगळी, धुरा एकच

"ज्याची त्याची रीत असते भाऊ, आपण काय बोलायचं?" तेरवीच्या पंगतीत, जियारतीच्या बैठकीत, एसटीच्या फलाटावर हे वाक्य आमच्या वाशीम जिल्ह्यात सतत कानावर पडते. ऐकायला ते चांगले वाटते आणि बऱ्याच अंशी ते चांगले आहेही. मंगरूळपीरचा दर्गा, पोहरादेवीचे बंजारा समाजाचे तीर्थ, शिरपूरचे जैन मंदिर आणि कारंज्याचे दत्तस्थान ज्या जिल्ह्यात एका दिवसाच्या बसप्रवासात पाहून होतात, तिथे हे वाक्य नसते तर शेजार टिकलाच नसता. एकाच्या घरी बोकड कापला जातो, दुसऱ्याच्या घरी दिवे लागण्यापूर्वी जेवण आटोपते आणि दोघे सकाळी एकाच हातपंपावर भेटतात. परंतु याच वाक्याचा दुसरा अर्थही आहे आणि तो बहुधा कुणी बोलून दाखवत नाही. प्रत्येक समाजाची नीती वेगळी, म्हणून एका समाजात जे घडते त्याला बाहेरच्याने किंवा आतल्यानेही चूक म्हणू नये, असा तो अर्थ. तत्त्वज्ञानाची पुस्तके याला नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. नाव जड आहे, पण विचार आपल्या ओट्यावरचाच आहे.

मुस्लिम वाचकाला हा विचार जवळचा वाटतो, याचे कारण उघड आहे. १९८५ च्या शहाबानो निकालापासून २०१७ च्या तीन तलाक निकालापर्यंत आणि त्यानंतरही, नीतीची चर्चा सुरू झाली की बोट आमच्याकडे वळते. विचारणाऱ्याला आमच्या बायकांच्या दुःखाशी देणेघेणे असतेच असे नाही. अशा वेळी "तुमचे तुम्ही पाहा, आमचे आम्ही पाहू" हे वाक्य ढालीसारखे हाताशी येते. अल्पसंख्याकाने ढाल धरू नये, असे सांगण्याचा अधिकार ज्याच्यावर कधी वार झाला नाही त्याला नाही. प्रश्न एवढाच आहे की ढालीच्या मागे उभे कोण असते, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ती सारखीच झाकते का?

गंमत अशी की आमच्या वाशीमचा फार जुन्या उल्लेखांपैकी एक याच विषयाशी जोडलेला आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वात्स्यायनाच्या कामसूत्रात निरनिराळ्या देशांतील राजांच्या अंतःपुरांचे रिवाज सांगितले आहेत. कोणत्या देशात काय चालते, याची ती यादीच म्हणायची. तीत वत्सगुल्माचे नाव येते. इथल्या बड्या अधिकाऱ्यांच्या बायका रात्री राजाच्या सेवेला जातात, अशी त्या देशाची रीत असल्याचे ग्रंथकार नोंदवतो. निषेध नाही, समर्थनही नाही, एखाद्या प्रदेशात ज्वारी पिकते असे सांगावे तशी नोंद. ज्या बायका जात होत्या त्यांना ही रीत कशी वाटत होती, हे त्या यादीत नाही. रीती नोंदवणाऱ्या याद्या सहसा अशाच असतात. 'वत्सगुल्मात असे चालते' या वाक्यात 'वत्सगुल्म' म्हणजे नेमके कोण, हे विचारायचे राहून जाते.

रीतींच्या वेगळेपणाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सांगितली. इराणचा बादशहा दारा याने दरबारातल्या ग्रीकांना विचारले की मेलेल्या बापाचे मांस काय घेऊन खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने कॅलेशियन नावाच्या हिंदी लोकांना विचारले की बापाचे प्रेत काय घेऊन जाळाल? त्यांच्यात बाप खाण्याची रीत होती. त्यांनी ओरडून बादशहाला गप्प बसायला सांगितले. सापेक्षतावादी माणूस ही गोष्ट मोठ्या आवडीने सांगतो. मला तीत वेगळेच दिसते. ग्रीकांना आणि त्या हिंदी लोकांना बापाचा मान राखायचा होता, आणि त्यात दोघांचे काडीचेही दुमत नव्हते. आमच्या गावात आम्ही मयताला दफन करतो, लिंगायत शेजारी बसवून पुरतात, बाकीचे अग्नी देतात. जनाजा निघाला की हिंदू दुकानदार अर्धे शटर ओढतो, आणि तिरडी निघाली की मशिदीसमोरचा चहावाला उठून उभा राहतो. मान राखण्याची पद्धत वेगळी असली तरी मान ओळखता येतो. इतपत वेगळेपणावर भांडण करणारा माणूस मूर्खच.

आपल्या परंपरेतला या विषयावरचा सर्वांत शहाणा माणूस माझ्या मते अल-बिरुनी. त्याने इसवी सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला, त्यात इथल्या विवाहाच्या चालीरीती सांगताना तो इस्लामपूर्व अरबांच्या विवाहपद्धतीही वाचकापुढे ठेवतो. दुसऱ्याच्या अंगणातला कचरा मोजायचा तर आधी आपल्या आजोबांचे अंगण आठवावे, असा त्याचा एकंदर बाणा दिसतो. त्याच्यानंतर तीन शतकांनी आलेला इब्न बतूता वेगळ्या स्वभावाचा. त्याने सती जाणाऱ्या स्त्रिया पाहिल्या आणि तो घोड्यावरून पडता पडता वाचला, सोबत्यांनी तोंडावर पाणी मारले तेव्हा भानावर आला. एकाने तुलना केली, दुसऱ्याला भोवळ आली. इब्न बतूताला भोवळ आली म्हणून तो संकुचित होता, असे मी म्हणणार नाही. परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या बाईचे जळणे पाहून त्याचे शरीर हलले. नीती जर केवळ आपापल्या समाजाची सवय असती, तर तांजियरच्या काझीला काय पडले होते?

आता इतक्या दूर न जाता जिल्ह्यातच राहू आणि एकच प्रसंग घेऊ. नवरा मरतो. बाई मागे राहते. पुढे काय?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडातल्या एखाद्या मोठ्या गावाची कल्पना करा. ब्राह्मण आळीत विधवेचे केस काढले जात, तिला आलवण नेसवले जाई, आणि दुसरे लग्न हा शब्दही उच्चारायचा नसे. चार घरे पलीकडे कुणबी-माळ्यांत 'पाट' लागत असे. तो रात्री लावायचा, सवाष्णींनी पाहायचा नाही, पहिल्या लग्नापेक्षा त्याचा मान कमी, पण बाईला दुसरे घर मिळे. गावच्या मोठ्या देशमुखांत पाट लावणे कमीपणाचे समजले जाई, जात शेजारची असली तरी. तांड्यावर बंजारा विधवेची घुगरी आणि दंडातला चुडा उतरत असे आणि पुष्कळदा दिराशीच तिचे लग्न होई. मोहल्ल्यात चार महिने दहा दिवसांची इद्दत, मग निकाहाला मोकळीक. म्हणजे एका शिवारात एकाच दुःखाचे चार-पाच कायदे. सापेक्षतावादाला याहून चांगला पुरावा कुठे मिळेल?

पण बारकाईने पाहिले की पुरावा हलू लागतो. 'मोहल्ल्यात निकाहाला मोकळीक' हे मी लिहिले ते शरीयतीप्रमाणे. प्रत्यक्षात हिंदुस्थानातल्या शरीफ म्हणवणाऱ्या मुस्लिम घराण्यांत विधवेचा निकाह ही नामुष्की मानली जात होती. ही समजूत इतकी घट्ट होती की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सय्यद अहमद बरेलवी यांना ती मोडण्यासाठी स्वतः विधवा वहिनीशी निकाह करून दाखवावा लागला. ही नामुष्की कुराणातून आलेली नव्हती, हदीसमधून तर नाहीच. ती शेजारच्या वाड्यातून आली होती. वाड्यातला देशमुख आणि मोहल्ल्यातला सय्यद देवाच्या बाबतीत वेगळे, पण विधवेच्या बाबतीत एकमताचे. आणि आजही आमच्या कितीतरी घरांत मयत झाल्यावर बाईच्या बांगड्या 'थंड' करतात, गळ्यातली काळी पोत काढतात. हे कोणत्या किताबात आहे, असे मौलानांना विचारून पाहा. ते तुमच्याकडे पाहून हसतील, पण बांगड्या फुटायच्या थांबणार नाहीत.

म्हणून 'आमच्या समाजाची नीती' हा शब्दप्रयोगच मला संशयास्पद वाटतो. समाज म्हणजे कुलूप लावलेली कोठी नव्हे. भिंतीतून सगळे झिरपते. वऱ्हाडातल्या शेतकरी जातींत एकेकाळी मुलीच्या बापाला देज मिळे, आज त्याच घरांत हुंडा द्यावा लागतो. आमच्यात मेहर मुलीचा, आणि तरी लेनदेनाची यादी मुलाकडूनच येते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याला मेहर हा हुंडा नव्हे, असे मुद्दाम लिहावे लागले. कायद्याने दोन्ही ओळखले, आम्ही मात्र एकाची अकरा हजारांवर बोळवण करून दुसऱ्याची मोटारसायकल उभी केली. हा 'आमचा रिवाज' नेमका कोणाचा? तो मांडवातल्या बायकांनी ठरवला की बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या पुरुषांनी?

सापेक्षतावादाची खरी अडचण श्रद्धावान माणसाला तर फारच मोठी आहे, आणि ती आपण क्वचितच लक्षात घेतो. इस्लामपूर्व हिजाजमध्ये बाप मेला की त्याची विधवा वारसांच्या मालमत्तेत धरली जाई. सावत्र मुलगा किंवा दुसरा वारस तिच्या अंगावर आपले वस्त्र टाकी आणि ती त्याची होई, मग तो तिच्याशी लग्न करो, दुसऱ्याला देऊन मेहर घेवो की मरेपर्यंत अडकवून ठेवो. ही त्या समाजाची मान्य रीत होती. सूरह निसामध्ये स्त्रियांना असे जबरदस्तीने वारशात घेण्याची मनाई झाली आणि विधवेला स्वतःलाच वारस केले गेले. मुले असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. आता जो म्हणतो की समाज ज्याला योग्य मानतो तेच त्या समाजापुरते योग्य, त्याने मान्य करावे की त्या काळच्या मक्केत आणि मदिनेत रीत बरोबर होती आणि ती मोडणारे चूक होते. कोणताही सुधारक, पैगंबर असो की महात्मा फुले, ज्या दिवशी पहिले वाक्य बोलतो त्या दिवशी तो आपल्या समाजाच्या दृष्टीने अनीतिमानच असतो. समाजाबाहेर उभी राहणारी एखादी मोजपट्टी मानल्याशिवाय त्याला बरोबर म्हणताच येत नाही.

आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी हे फार लवकर ओळखले होते. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्या विधवांच्या चारित्र्यावर चिखल उडाला. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारले की बायको मेल्यावर पुरुष दुसरी आणतो, तर तोच नियम बाईला का नाही? त्या मराठा घरातल्या, ज्या बाईसाठी त्या पेटल्या ती गुजरातेतली ब्राह्मण. 'त्यांची रीत, आपण काय बोलायचे' असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या असत्या तर बुलढाण्यात कोणी त्यांना दोष दिला नसता.

अर्थात मोजपट्टी हातात आली की माणूस ती दुसऱ्याच्या पाठीवर मारू लागतो, हेही खरे. १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा घ्या. हेतू निर्विवाद चांगला. पण त्यात असे कलम होते की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपेल. ज्या जातींत पाट आधीपासूनच चालत होता, तिथल्या बायकांनाही मुंबई हायकोर्टासह काही न्यायालयांनी हे कलम लागू केले. अलाहाबादच्या हायकोर्टाने वेगळी भूमिका घेतली. म्हणजे वरच्या जातीच्या बाईला जो दरवाजा उघडायचा होता, तो उघडताना काही ठिकाणी खालच्या जातीच्या बाईच्या हातून शेत काढून घेतले गेले. सुधारणा करणाऱ्याने पाटाची रीत पाळणाऱ्या बाईला आधी विचारले असते, तर हे टळले नसते का?

याच भीतीने १९४७ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना निवेदन दिले होते. मानवी हक्कांचा जाहीरनामा पश्चिमेच्या कल्पना सगळ्या जगावर लादणारा होऊ नये, असा त्याचा सूर होता. वसाहतींचा काळ पाहता ती भीती रास्त होती. पण जाहीरनामा तयार होताना काय झाले? मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द होते. ते बदलून 'सर्व मानव' करायला लावणाऱ्या हंसाबेन मेहता हिंदुस्थानच्या प्रतिनिधी होत्या, मुंबईच्या सार्वजनिक जीवनात वावरलेल्या. बालविवाह आणि जबरदस्तीच्या विवाहाविरुद्धच्या कलमाची बाजू पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इक्रामुल्ला यांनी लावून धरली. १९४८ च्या मतदानात सौदी अरेबिया तटस्थ राहिला. तिथे पूर्वेचा आवाज कोणता मानायचा, राजाचा की या दोन बायांचा? मानववंशशास्त्रज्ञांच्या त्या संघटनेनेही १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने नवे निवेदन काढले.

समाजाच्या नावाने बोलणारा आवाज कोणाचा, हा प्रश्न आपल्याच राज्यात न्यायालयापर्यंत गेला होता. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द ठरवला. बहिष्कृत माणसाला जमातीच्या कब्रस्तानातही जागा मिळत नसे. एकट्या सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे मत वेगळे होते. डॉ. असगर अली इंजिनिअर यांनी पुढे आयुष्यभर हा बहिष्कार सोसून लिहिले. २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जातपंचायतींच्या छळाविरुद्ध सामाजिक बहिष्कारबंदीचा कायदा मंजूर केला, तो २०१७ पासून लागू झाला. २०२३ मध्ये १९६२ च्या निकालाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. जमातीची स्वायत्तता मलाही हवी आहे. पण जमातीतल्या ज्या माणसाला जमातीनेच बाहेर काढले, त्याच्याविरुद्ध जमातीचा 'वेगळा रिवाज' पुढे करणे ही स्वायत्तता माझ्या समजुतीपलीकडची आहे.

पुन्हा विधवेकडे येतो, कारण वेगळेपणाचा सगळा डोलारा जिथे कोसळतो ती जागा तिच्याच वाटेवर आहे. ती जागा म्हणजे शेताचा धुरा.

१९३७ साल पाहा. त्या वर्षी हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताविषयक हक्कांचा कायदा झाला, विधवेला हयातीपुरता का होईना हिस्सा मिळाला. त्याच वर्षी शरीयत कायदा झाला आणि रिवाजाच्या जागी शरीयत आली. दोन धर्म, दोन कायदे, दोघांच्याही मागे स्त्रीला न्याय देण्याची भाषा. शरीयत कायद्याने आपल्या शब्दांतच शेतजमीन वगळली. हिंदू कायदा शेतजमिनीला लागू नाही, असे १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितले. कारण घटनात्मक होते, शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती. हिंदू विधवांसाठी प्रांतांनी पुढे दुरुस्त्या केल्या आणि १९५६ मध्ये पूर्ण मालकी आली. पण त्या क्षणी दोन्ही कायदे धुऱ्यापाशी येऊन थांबले होते, आणि शेतीवर जगणाऱ्या मुलखात धुऱ्याच्या आत जे नाही ते फारसे नसतेच.

कायद्याचे सोडा, व्यवहार पाहा. पश्चिम विदर्भात शेतकरी आत्महत्यांचे सत्र सुरू झाले तेव्हा वाशीम हा त्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता, ज्यांच्यासाठी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २००६ मध्ये ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाच्या मदतीसाठी नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा असे निकष लागले. सातबारा पाहिला गेला. सातबाऱ्यावर कितीदा सासऱ्याचे नाव निघाले. नवरा त्या वावरात वीस वर्षे राबला, बायकोने सोयाबीन सोंगले, तूर झोडली, आणि कागदावर दोघेही नव्हते. त्या बायकांत कुणबी होत्या, बंजारा होत्या, बौद्ध होत्या, मुस्लिमही होत्या. कुणाचे कुंकू पुसले गेले, कुणाची घुगरी उतरली, कुणी इद्दतीत बसली. रीती वेगवेगळ्या, सातबारा मात्र सगळ्यांना एकच बोलला. नीती समाजासमाजात वेगळी असते म्हणणाऱ्याने याचे उत्तर द्यावे. ती धुऱ्यावर आल्यावर एवढी एकसारखी कशी होते?

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितले. ठराव चांगला आहे. आमच्याकडे काहींनी तो वाचून "हे त्यांचे, आपल्यात असले काही नसते" अशी मान हलवली. त्यांनी आपल्या घरातल्या 'थंड' केलेल्या बांगड्या कधी मोजल्या नसाव्यात.

मागे आमच्या ओळखीतल्या एका बाईचा नवरा गेला. इद्दतीच्या दुसऱ्या महिन्यात दीर कागद घेऊन आले, "काम सोपं व्हावं म्हणून" अंगठा मागायला. बाईने विचारले, "भाईजान, मी बाहेर निघाल्यावर करू ना?" ते म्हणाले, "आपा, तुम्ही कशाला त्रास घेता, इद्दतीत बाहेर पडणं बरं नाही." त्यांच्या आवाजात आदर होता, खोटा नव्हता. आदर आणि कागद दोन्ही एकाच हातात होते, एवढेच.

इथे दोन नियम शेजारी ठेवून वाचावेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते, मग गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नोंद होते. इद्दत चार महिने दहा दिवसांची. उशिराने हक्क बुडत नाही, पण तोवर कागदावर काय काय चढलेले असते हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. आणि हनफी मजहबचा बाराव्या शतकातला प्रमाणग्रंथ 'हिदाया' सांगतो की इद्दतीतली विधवा दिवसा बाहेर पडू शकते, कारण तिला नवऱ्याकडून खर्च मिळत नाही आणि तिला कमवायचे असते. रात्र घरी काढावी, इतकेच. तलाठ्याचे कार्यालय दिवसाच उघडते.